सिएनाच्या दोन भिंती

इटलीतली जुनी शहरं म्हटली की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही नावं पुढे येतात. मी आज सिएनाबद्दल बोलणार आहे. त्या शहराचा आणि आपल्या ठाणे जिल्ह्याचा संबंध सातशे वर्षांपूर्वी आला, आणि तोही एका दुःखद घटनेतून.

साल 1321. पूर्वेकडे धर्मप्रचाराला निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याच्या बंदरात उतरले. तोलेन्तिनोचा थॉमस, पाद्वाचा जेम्स, तिफ्लिसचा दिमित्रियस आणि सिएनाचा पीटर. ठाणे, कल्याण, सोपारा ही त्या काळची नावाजलेली बंदरं. त्यांचा माल नाणेघाट किंवा थळघाट चढून देशावर जायचा, म्हणजे मुरबाडवरून, नाहीतर आपल्या खर्डी-कसाऱ्याच्या बाजूने. ठाण्यात काझीसमोर धर्मावरून वाद झाला आणि एप्रिल महिन्यात या चौघांना ठार मारण्यात आलं. जॉर्डानस नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने त्यांना सोपाऱ्यात पुरलं. पुढे काही वर्षांत ओडोरिक हा इटालियन साधू ठाण्याला आला, त्याने त्यांच्या अस्थी उकरून घेतल्या आणि थेट चीनला नेल्या. परत गेल्यावर 1330 साली त्याने आपला प्रवास सांगून लिहवून घेतला, त्यात ठाण्याची ही हकिगत सविस्तर आहे.

सिएनातल्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये एक भित्तिचित्र आहे. वर सिंहासनावर सुलतान, खाली तलवारवाला मारेकरी, जमिनीवर पडलेली मुंडकी आणि भोवती देशोदेशींच्या पोशाखांतले बघे. चित्रकार आंब्रोजो लोरेन्झेत्ती. हा प्रसंग ठाण्याचा आहे असं अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते तो उत्तर आफ्रिकेतल्या सेउता गावचा. पण मारल्या गेलेल्यांपैकी एक जण सिएनाचाच होता, हे लक्षात घेतलं तर ठाण्याचं पारडं जड वाटतं.

आता शहरात जरा फिरू. सिएना टेकड्यांवर वसलेलं. मधोमध कांपो नावाचा चौक, सुपासारखा एका बाजूला उतरत गेलेला. उताराच्या तळाशी नगरपालिकेचा वाडा आणि उंच मनोरा. याच चौकात दर वर्षी 2 जुलै आणि 16 ऑगस्टला पालिओ ही घोड्यांची शर्यत होते. तिच्यासाठी शहरातल्या सतरा आळ्यांची चुरस असते. मुख्य चर्च काळ्या-पांढऱ्या संगमरवरी पट्ट्यांचं. दुच्चो या चित्रकाराने त्याच्या वेदीसाठी रंगवलेली मरियेची भव्य चित्रपाटी 1311 साली गावाने वाजतगाजत मिरवत नेली. या चर्चला आणखी मोठं करायचं काम निघालं होतं. पण 1348 ची प्लेगची साथ आली आणि ते बंद पडलं. त्याची अर्धवट भिंत आजही उभी आहे. आपला लोरेन्झेत्तीही त्याच साथीत गेला असं मानतात.

त्याचं सर्वांत मोठं काम मात्र चर्चमध्ये नाही, नगरपालिकेच्या वाड्यात आहे. तेव्हा सिएनाचा कारभार नऊ जणांचं मंडळ पाहायचं. त्यांच्या बैठकीच्या दालनात त्याने 1338-39 साली चांगला कारभार आणि वाईट कारभार रंगवले. एका भिंतीवर भरभराटीचं शहर आहे. दुकानं, गवंडी, नाचणारे तरुण. पण चित्र वेशीपाशी संपत नाही. वेशीबाहेर नांगरणी चालली आहे, मळणी चालली आहे, गाढवांवर गोण्या लादून शेतकरी बाजाराला निघाला आहे. समोरच्या भिंतीवर जुलमी राजा, ओस शेतं आणि मोडकी घरं. बैठकीला बसणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रोज हे चित्र राहायचं, आणि शहराइतकीच जागा त्यात गावाला होती. युरोपच्या चित्रकलेत शेतशिवाराचं इतकं मोठं चित्र त्याआधी क्वचितच कुणी काढलं असेल.

सिएनाला नदी नाही. म्हणून त्या लोकांनी टेकड्यांखालून सुमारे पंचवीस किलोमीटर बोगदे खोदले आणि शिवारातले झरे शहरात आणले. चौदाव्या शतकाच्या मध्याला पाणी कांपो चौकात पोचलं. तिथलं कारंजं आजही वाहतं.

शिवाराचं पाणी शहराला, हे आपल्या शहापूर तालुक्याला सांगायला नको. तानसा धरण 1892 साली पूर्ण झालं, पुढे भातसा झालं. मुंबईला लागणाऱ्या पाण्याचा फार मोठा भाग आपल्या तालुक्यातून जातो. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. मुंबईच्या नळाला पाणी आलं एवढ्यावर कारभार चांगला ठरत नाही.

परदेशी शहरांची चर्चं आणि चित्रं हौसेने जरूर पाहावीत. पण सिएनाच्या त्या दालनातला धडाही उचलावा. राज्यकारभाराचा निकाल वेशीच्या दोन्ही बाजू बघून लावायचा असतो. धरणाचं पाणी आधी धरणाच्या काठच्या पाड्याला मिळालं पाहिजे. ही मागणी ग्रामसभेत आणि मतं मागायला येणाऱ्यांपुढे आपण ठामपणे मांडली पाहिजे.