डोंगरातली सायकल आणि गृहस्थाचा खिसा



वसंतातल्या या व्याख्यानांत वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत नाना विषय येऊन जातात. त्यांच्या पंगतीला सायकल आणून बसविणे काहींना धारिष्ट्याचे वाटेल. परंतु ज्या वस्तूपायी मध्यम स्थितीतल्या गृहस्थाचे दोन-तीन महिन्यांचे वेतन एका दुपारी खर्ची पडू शकते, तिच्याविषयी विकणाऱ्याखेरीज आणखी कोणी चार शब्द बोलले तर बिघडले कोठे? आमचा विषय आहे पुढे व मागे दोन्हीकडे शॉकॉप्सर असलेली, डोंगरात चढणे आणि उतरणे या दोन्ही कामांसाठी बांधलेली सायकल. आणि तीही परवडणारी. सोयीसाठी आम्ही तिला 'दुहेरी' म्हणू, आणि जिच्या फक्त पुढच्या चिमट्याला स्प्रिंग असते तिला 'एकेरी'.

या खेळाचा जन्म मोडीच्या मालातून झाला, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात टामलपायस नावाचा डोंगर आहे. तेथील काही तरुणांनी चाळीस वर्षांपूर्वीच्या, जाड टायरांच्या जुन्या सायकली कवडीमोलाने मिळवून डोंगरावरून खाली सोडण्याचा सपाटा लावला. त्यांची पहिली शर्यत १९७६ च्या ऑक्टोबरात झाली. त्या उताराचे नाव पडले 'रिपॅक'. कारण असे की, पेडल उलटे दाबून लागणारा जुना ब्रेक उतरता उतरता इतका तापे की हबमधले ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. पुढे १९७७ साली जो ब्रीझ याने या कामासाठी खास फ्रेम बांधली, १९८१ मध्ये 'स्टम्पजम्पर' ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली सायकल साडेसातशे डॉलरांना बाजारात आली, आणि १९८९ मध्ये पॉल टर्नर याच्या रॉकशॉक्सने स्प्रिंगचा चिमटा आणला. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली. जो उद्योग भंगारातून निघाला, त्यातल्या उत्तम सायकलीला आज दहा लाखांहून अधिक रुपये मोजणारे लोक आहेत! असो. दहा लाखवाल्यांची चिंता करण्याचे आपल्याला कारण नाही.

आपल्याकडे मात्र 'डबल शॉकर' या नावाची एक वस्तू गल्लोगल्ली दिसते. दहावीला चांगले गुण मिळवणाऱ्या मुलाला बापाने घेऊन दिलेली असते. मधोमध एक जाडजूड लाल किंवा पिवळी स्प्रिंग, आणि वजन अठरा-वीस किलो. मुलगा बसतो आणि पेडल मारू लागतो, तशी सायकल उंटासारखी खालीवर होऊ लागते. पायातली निम्मी शक्ती त्या झोक्यातच जिरते की काय असे वाटावे. मुलाला वाटते आपल्यात दम नाही; बापाला वाटते मुलगा आळशी. दोघांचेही चुकते. दोष आहे त्या स्प्रिंगेचा, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

स्प्रिंग धक्का नाहीसा करीत नाही. ती तो उसना घेते आणि पुढच्याच क्षणी व्याजासकट परत करते. गचका बसला की दबायचे आणि मग उसळायचे, एवढेच तिला ठाऊक. ती उसळी आवरण्यासाठी तेलाने भरलेली एक नळी लागते. तिच्यातल्या दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. तेल त्यांतून हळूहळू सरकते आणि उसळीची शक्ती उष्णतेच्या रूपाने जिरवून टाकते. यालाच डँपर म्हणतात. मोटारसायकलीच्या शॉकॉप्सरात तो असतो. स्वस्त 'डबल शॉकर'मध्ये बहुधा तो नसतो. तेथे नुसतीच स्प्रिंग असते. म्हणून दुकानात विचारावयाचा पहिला प्रश्न किती गिअर आहेत हा नव्हे. मागच्या शॉकॉप्सराला उसळी कमीजास्त करण्याचा खटका आहे काय, हा होय. तो नसेल तर हे प्रकरण शोभेचे समजावे, आणि तेवढ्याच पैशांत साधी, बिनस्प्रिंगेची, हलकी सायकल घ्यावी. मुलगा तुम्हाला पुढे दुवा देईल.

खऱ्या दुहेरीत पोलादी स्प्रिंगेच्या जागी बहुधा दाबलेली हवा असते. हवेचा गुण असा की ती हलकी असते, आणि पंपाने कमीजास्त करून स्वाराच्या वजनाशी जुळविता येते. पन्नास किलोची मुलगी आणि नव्वद किलोचा तिचा काका एकाच सायकलीवर आळीपाळीने बसू शकतात. फक्त हवा बदलावी लागते. स्वार नुसता स्थिर बसला असता शॉकॉप्सर आपल्या एकूण चालीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याने दबला पाहिजे. दांडीवर एक रबरी कडे असते, ते खाली सरकवून बसावे, अलगद उतरावे आणि पट्टीने मोजावे. चाल ४५ मिलिमीटर असेल तर ११ च्या आसपास. एवढे दबणे आवश्यक का? चाक केवळ दगडावर चढावयाचे नसते, खड्ड्यातही उतरावयाचे असते. जे चाक जमिनीला धरून राहते तेच पकड देते. जे हवेत आहे ते ना ब्रेक घेते ना ओढते. लोक समजतात की दुहेरी ही बसणाऱ्याच्या पाठीसाठी आहे. पाठ वाचते हे खरेच, पण मुख्य हेतू चाक भुईवर ठेवणे हा आहे.

पूर्वी शर्यतवाले दुहेरीला नाक मुरडीत. वजन वाढते, चढणीला जीव खाते, असे त्यांचे म्हणणे. आणि त्या काळच्या यंत्ररचनेपुरते ते खोटे नव्हते. नंतर मागच्या सांध्यांची रचना अशी होऊ लागली की साखळीचा ताणच सायकलीला दबू देत नाही. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये चेक देशाच्या यारोस्लाव्ह कुल्हावी याने स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरला अगदी शेवटच्या क्षणी मागे टाकून सुवर्णपदक घेतले, ते दुहेरीवर. तेव्हापासून तो वाद बराचसा थंडावला.

आता पैशाकडे वळू. आपल्याकडे खरी दुहेरी लाखाच्या घरात किंवा त्यापुढेच मिळते. तिचे वजन चौदा-पंधरा किलो भरते. शर्यतीची दहा-अकरा किलोची असते. या चार किलोंसाठी लाखो रुपये घालण्यापूर्वी गृहस्थाने स्वतःच्या पोटाकडे एकदा पाहावे, इतकेच आम्ही म्हणू. स्वस्त दुहेरीत काटकसर कोठे चालते? चाके, हँडल, सीट, पेडल यांत चालते. ती मागाहून बदलता येतात. गिअरांतही चालते. २०२० साली शिमानोने आपल्या डिओर या मधल्या दर्जात बारा गिअर आणल्यापासून तेथे रडण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. काटकसर चालत नाही ती फ्रेम आणि शॉकॉप्सर यांत.

आणि घेण्याचा खर्च वेगळा, बाळगण्याचा वेगळा. म्हैस घेणारा बाजारभाव विचारतो तसा वैरणीचाही हिशेब करतो की नाही? पुढच्या चिमट्याच्या खालच्या नळ्यांतील तेल साधारण पन्नास तासांनी बदलावे असे बनविणारे सांगतात. आठवड्याला चार तास फिरणाऱ्याचे पन्नास तास तीन महिन्यांत भरतात. पावसाळ्यातल्या आपल्या चिखलात तर घड्याळाकडे न पाहता सील उघडावे. मागच्या सांध्यांत आठ-दहा बेअरिंगे असतात. ती करकरू लागली की कोपऱ्यावरचा सायकलवाला हात वर करतो, आणि त्याचा दोष नाही. त्याच्याकडे ती हत्यारेच नसतात. पण बेअरिंगवर आकडा कोरलेला असतो. तो टिपून यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या साध्या दुकानात गेले, तर त्यांतली पुष्कळशी तेथेच, आणि अल्प किमतीत मिळतात. ही माहिती सायकलीच्या दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

साखळीचेही तसेच. नव्या साखळीच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. त्याच चोवीस कड्या एक सोळांश इंचाने लांबल्या की साखळी बदलून टाकावी. पोलादी पट्टी पुरते, निराळे उपकरण नको. जो कंटाळा करतो त्याच्या मागच्या दातेरी चकत्याही झिजतात, आणि बारा चकत्यांच्या त्या जुडग्याची किंमत साखळीच्या कितीतरी पट असते.

मग घ्यावी कोणी? सपाट वाटेवरून किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन चहा पिऊन परतणाऱ्याला तिची गरज नाही. त्याला चांगली एकेरी पुरून उरेल. नुसत्या टायरातली हवा थोडी कमी केली तरी निम्मे काम होते. १८८८ साली डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसविले, तेव्हाच सायकलीला पहिला शॉकॉप्सर मिळाला असे म्हणण्यास हरकत नाही. पण ज्याला सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून, सुट्या धोंड्यांतून, तीन-तीन तास बसून पेडल मारावयाचे आहे, आणि ज्याची पंचेचाळिशी उलटलेली आहे, त्याने दोन वर्षे पैसे साठवून दुहेरी घ्यावी. तरुण माणूस दगडावर उभा राहून गुडघ्यांचा शॉकॉप्सर करतो. आमच्या वयाला ते गुडघे उसने मिळत नाहीत.

शेवटी टेकड्यांविषयी. आपल्या शहरांलगतच्या टेकड्यांवर पहाटे म्हातारी माणसे चालावयास येतात. दुहेरीमुळे उतारावर वेग वाढतो, आणि वेग वाढला की मागचा ब्रेक करकचून दाबण्याचा मोह होतो. घसटणाऱ्या चाकाने वाटेवर चर पडतो, आणि पहिल्या पावसात त्याच चरातून माती वाहून जाते. तेव्हा उतारावर दोन्ही ब्रेक आधीपासून हलके धरावेत, आणि माणूस दिसला की पाय टेकावा.

आणि एक राहिलेच. मागचा गिअर ज्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर टांगलेला असतो, ती मुद्दाम मऊ ठेवलेली असते. सायकल पडली तर ती वाकावी आणि फ्रेम वाचावी म्हणून. ती बहुधा ज्या त्या सायकलीची निराळी असते. २०१९ पासून सर्वांना चालेल अशी एक निघाली आहे, पण ती सगळ्या फ्रेमींना बसत नाही. दुकानातून निघताना तशी एक जादा पट्टी आणि शॉकॉप्सराचा हातपंप या दोन वस्तू मागून घ्याव्यात. सौदा ठरण्यापूर्वी मागितल्या, तर पुष्कळदा दुकानदार त्या तशाच देऊन टाकतो.