वचन उरते ते कशाच्या बळावर?

(विंचूर, जि. नाशिक येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



आपल्या पश्चात आपले नाव उरावे ही इच्छा मनुष्यमात्राला स्वाभाविक आहे. कोणी त्यासाठी विहीर बांधतो, कोणी देवळाला पायऱ्या घालतो. परंतु व्यासपीठावर उभा राहणारा वक्ता, लेखणी चालविणारा लेखक, मंडळात बोलू लागलेला तरुण कार्यकर्ता यांना एक निराळाच मोह पडत असतो. आपले एखादे चमकदार वाक्य लोकांच्या ओठांवर राहावे, पुढच्या पिढीने ते आपल्या नावानिशी उद्धृत करावे, असे त्यांना वाटू लागते. टाळी पडली की हा मोह बळावतो. मग विषयाची तयारी कमी होते आणि वाक्याची तयारी वाढते.

या मोहाचा विचार करण्यास विंचूर हे गाव योग्य आहे. येथील उपबाजारात कांद्याचा लिलाव होतो, तेव्हा व्यापारी ट्रॅक्टरमधील माल हातात घेऊन पाहतो आणि मग बोली लावतो. विकणारा किती गोड बोलतो यावर भाव ठरत नाही. इतिहासाचा बाजारही असाच आहे.

विठ्ठल शिवदेव दाणी यांना विंचूरची जहागीर मिळाली आणि त्यांचे घराणे विंचूरकर म्हणून ख्यात झाले. पेशव्यांच्या कर्तबगार सरदारांत त्यांची गणना होते. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या आश्रयाने गोल बांधून लढावयाचे ठरले होते. विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या घोडेस्वारांनी तो गोल मोडला व नंतर रणांगण सोडले, असा दोष इतिहासकारांनी त्यांना दिला आहे. आयुष्यभराच्या सेवेवर एका दिवसाची छाया पडली. त्या दिवशी कोणी काही सुंदर बोलले असते, तरी ती छाया पुसली गेली नसती.

त्याच्या वर्षभर आधी, 10 जानेवारी 1760 रोजी, दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे घायाळ होऊन पडले. शत्रूने त्यांना हिणवून विचारले, आणखी लढशील का? ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ हे त्यांचे उत्तर आज महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. हे वाक्य रचण्यास दत्ताजींना उसंत नव्हती. ऐकावयास आपली माणसे नव्हती, समोर तलवार घेतलेला वैरी होता. उत्तराची किंमत तत्काळ वसूल झाली. त्यांचे मस्तक छेदले गेले. ते शब्द अमर झाले ते त्यातील चातुर्यामुळे नव्हे. बोलणारा खरोखरच पुन्हा लढला असता, याविषयी शत्रूलाही शंका नव्हती.

प्रत्येकाच्या वाट्याला रणांगण येत नाही, हे खरे. विंचूरपासून जवळच असलेल्या निफाडला 18 जानेवारी 1842 रोजी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म झाला. सार्वजनिक सभेतर्फे ते सरकारकडे मोठ्या परिश्रमाने अर्ज पाठवीत. एका अर्जाला दोन ओळींचे कोरडे उत्तर आले, तेव्हा तरुण गोपाळ कृष्ण गोखले खिन्न झाले. रानडे त्यांना म्हणाले की, हे अर्ज नावापुरते सरकारला असतात. वस्तुतः ते आपल्या लोकांसाठी आहेत, कारण लोकांना विचार करावयास शिकवायचे आहे. हे वाक्य त्यांनी सभेत उच्चारलेले नव्हते. एका शिष्याचे मन सावरण्यासाठी ते निघाले आणि शिष्याने जपले म्हणून उरले.

विंचूरचे नाव पुण्याच्या सदाशिव पेठेतही आहे. तेथील विंचूरकर वाड्यात लोकमान्य टिळक राहत असत. 1892 मध्ये मुंबईहून परतताना आगगाडीत भेटलेला एक संन्यासी त्यांच्याकडे आठ-दहा दिवस राहिला. नाव विचारले तर तो ‘संन्यासी’ एवढेच सांगे. जवळ पैसा नव्हता. मृगाजिन, एक-दोन वस्त्रे आणि कमंडलू इतकाच संसार. 1893 मध्ये शिकागोची सर्वधर्म परिषद गाजली आणि ते स्वामी विवेकानंद असावेत, हे टिळकांच्या ध्यानी आले. ज्यांची वचने आज घरोघरी भिंतीवर लागतात, त्यांनी स्वतःचे नावही सांगितले नव्हते!

खुद्द टिळकांचे पाहा. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याचे त्यांचे उद्गार भारतभर गेले. त्या शब्दांची घडण त्यांचे सहकारी जोसेफ उर्फ काका बॅप्टिस्टा यांची होती, असे अनेकजण मानतात. तसे असले तरी त्यात टिळकांना काय उणेपणा येतो? त्या शब्दांमागे मंडालेची सहा वर्षे उभी होती. 22 जुलै 1908 रोजी शिक्षा होताना, ज्युरीच्या निर्णयानंतरही आपण निर्दोष आहोत आणि न्यायालयाहून श्रेष्ठ अशी शक्ती आहे, असे जे त्यांनी शांतपणे सांगितले, ते मुंबई उच्च न्यायालयातच संगमरवरावर कोरले गेले. 1956 मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्या शिलालेखाचे अनावरण केले. ज्या वास्तूत शिक्षा झाली, तिनेच ते शब्द शिरोधार्य मानले.

आपल्या परंपरेने सुभाषितांना रत्ने म्हटले. पण कित्येक सुभाषितांच्या कर्त्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. त्यांचा कोणी शोकही केला नाही. वचन लोकांच्या उपयोगी पडले, यातच कर्त्याचे सार्थक मानले गेले. आज भ्रमणध्वनीवरून रोज सकाळी शेकडो सुविचार येतात आणि दुपारपर्यंत विस्मरणात जातात. कोणाचेही वाक्य कोणाच्याही नावावर खपते. अशा वेळी वाक्याने नाव टिकवू पाहणे म्हणजे वाळूवर घर बांधणे होय.

म्हणून तरुणांनी चांगले बोलू नये काय? अवश्य बोलावे, वाणीही साधनाच आहे. मात्र बोलून झाल्यावर टाळ्या मोजण्यापेक्षा आपल्या शब्दाने आपल्यावर कोणते काम आले, ते मोजावे. ते काम रोज निष्ठेने करावे. पुढे एखादे वाक्य कोणी आठवले तर आनंद आहे. नाही आठवले, तरी केलेले काम वाया जात नाही.