वार्ता आणि वेळ

गुप्तवार्ता म्हटले की वेषांतर केलेला हेर डोळ्यांपुढे उभा राहतो. बहिर्जी नाइकांच्या कथांवर वाढलेल्या महाराष्ट्राला तर हे चित्र विशेष प्रिय आहे. प्रत्यक्षात हे काम बरेचसे शांत आणि चिकाटीचे असते. वार्ता टिपावयाची, तिची दुसऱ्या वार्तेशी सांगड घालावयाची, आणि निष्कर्ष योग्य अधिकाऱ्याच्या हाती वेळेवर पोचवावयाचा. यांतील एक पायरी निसटली तर काय घडते, हे चेन्नईने अनुभवले आहे.

२ ऑगस्ट १९८४ रोजी येथील मीनंबाक्कम विमानतळावर बॉम्बस्फोट झाला. दूरध्वनीवरून आगाऊ सूचना मिळाली होती. तरीही सुमारे ३० माणसे प्राणास मुकली. वार्ता होती, पण तिचे कृतीत रूपांतर होईपर्यंत घटका भरली होती.

पुढे १९ जून १९९० रोजी याच शहरातील कोडंबाक्कम भागात श्रीलंकेतील तमिळ नेते पद्मनाभ यांची सहकाऱ्यांसह हत्या झाली. मारेकरी सागरकिनाऱ्याकडे निसटले. अकरा महिन्यांनी, २१ मे १९९१ च्या रात्री, श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधी मानवी बॉम्बला बळी पडले. या दोन्ही कटांमागे शिवरासन हा एकच सूत्रधार होता, असे तपासात निष्पन्न झाले. श्रीपेरुंबुदूरच्या स्फोटात मरण पावलेल्या एका छायाचित्रकाराचा कॅमेरा शाबूत राहिला, आणि त्यातील चित्रांनी कार्तिकेयन यांच्या विशेष तपास पथकाला धागा मिळाला. हे तपासाचे यश खरेच. परंतु तपास गुन्ह्यानंतर सुरू होतो, आणि गुप्तवार्तेचे प्रयोजन गुन्ह्यापूर्वीचे असते. पहिल्या हत्येचे धागे पुरते उलगडले असते, तर दुसरी टळली असती काय, हा प्रश्न तेव्हापासून आपला पिच्छा सोडीत नाही.

संघटित गुन्हेगारीलाही हेच लागू पडते. चोरट्या मालाची नाव, खोट्या नावाने घेतलेले घर, हवालामार्गे फिरणारा पैसा, यांची नोंद निरनिराळ्या कचेऱ्यांत होते. सुटी नोंद क्षुल्लक वाटते. चार नोंदी एकत्र आल्या की टोळीचा आराखडा दिसू लागतो. म्हणून आपापल्या दप्तराला कुलूप लावून बसण्याची खात्याखात्यांतील वृत्ती ही गुन्हेगाराला आयती मदतच ठरते.

मात्र वार्तेच्या नावाखाली प्रत्येक नागरिकावर पाळत ठेवणे हा उपाय नव्हे. तीन हेरांच्या वार्ता जुळल्या तरच विश्वास ठेवावा, असा दंडक कौटिल्याने घालून दिला होता. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये दूरध्वनी चोरून ऐकण्यावर निर्बंध घातले, आणि २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. या मर्यादांमुळे यंत्रणेचे हात बांधले जातात, असे काही जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. वस्तीतला दुकानदार, किनाऱ्यावरचा कोळी, घर भाड्याने देणारा मालक यांना जे दिसते, ते कोणत्याही यंत्राला दिसत नाही. आणि ही माणसे बोलतात ती विश्वास असेल तरच. ज्याला पोलीस चौकीची पायरी चढावयास भय वाटते, तो पाहिलेले गिळून टाकतो.

टळलेल्या संकटाचा पंचनामा होत नाही, त्याचे स्मारकही उभे राहत नाही. अशा निनावी यशासाठी राबणाऱ्यांकडून आपण दक्षतेची अपेक्षा करावी, कायद्याच्या चौकटीचा आग्रह धरावा, आणि आपल्या वाट्याची वार्ता वेळेवर त्यांच्यापर्यंत पोचवावी.