सातवी सही



मी प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका. कराडजवळच्या एका गावात राहते. माझ्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. हातापायांवर त्याचा पुरता ताबा नाही आणि त्याचे बोलणे नवख्या माणसाला कळत नाही. समज मात्र तुमच्या-माझ्यासारखीच आहे आणि वाचन माझ्यापेक्षा जास्त. आज तो छत्तीस वर्षांचा आहे. या भाषणाचे निमंत्रण आले तेव्हा मी आधी त्याला विचारले. तो म्हणाला, "माझ्याबद्दल नको, आपल्या संघटनेबद्दल बोल." म्हणून आज संघटनेबद्दल बोलणार आहे. त्यात तो येईलच, पण तेवढी परवानगी मी घेतली आहे.

सुरुवात झाली २००९ साली, एका साहित्य वाटपाच्या शिबिरात. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून माणसे आली होती. प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला लावला होता. त्यावर नंबर आणि खाली शब्द, 'लाभार्थी'. आम्ही सकाळी आठपासून मांडवात बसलो होतो. पाहुणे दुपारी आले. माझ्या मुलाला व्हीलचेअर मिळाली, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. घरी आल्यावर कळले, की ती खुर्ची आमच्या दारातून आत जात नाही. माप कोणी विचारलेच नव्हते.

त्या मांडवात एका कार्यकर्त्याने मला विचारले, "काय नाव ह्याचं? काय त्रास होतो ह्याला?" मुलगा समोर बसला होता. मी भराभर उत्तरे दिली. त्याला कोणी बोलू दिले नाही, आणि त्यात मीही होते. हे 'मीही' उमगायला मला पुढे बराच काळ लागला.

शेजारी पलूसकडचे एक अंध गृहस्थ बसले होते. फलटणची पोलिओ झालेली एक तरुणी होती. कवठे महांकाळच्या एक बाई मोठ्या झालेल्या मुलीचा हात घट्ट धरून बसल्या होत्या, कारण हात सोडला की मुलगी गर्दीत जाई. जेवणाच्या रांगेत आम्ही फोन नंबर घेतले. फलटणची मुलगी हसून म्हणाली, "आता पुढच्या वेळी पाहुणे नकोत. आपणच भेटू." पुढच्या महिन्यात आम्ही कराडला भेटलो. दोन्हीकडच्यांना एसटीने एका दिवसात जाऊन येण्यासारखे गाव तेच.

श्रोतेहो, हे दोन जिल्हे तसे एकाच घरातले. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. स्वतःची संस्था स्वतः उभी करण्याची या मातीला जुनी सवय आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि घरोघरच्या मूठभर धान्यावर मुलांची वसतिगृहे चालवली. सोसायटी, दूध संघ, साखर कारखाना यांतून 'सभासद' हा शब्द आमच्या घराघरांत पोचला. सभासद सभेत उठून जाब विचारू शकतो. लाभार्थ्याला तशी सोय नाही. आम्हाला एवढेच हवे होते, की लाभार्थीचा बिल्ला काढावा आणि सभासदाची पावती घ्यावी.

उदाहरणही शेजारीच होते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन उमेदीच्या वयात कमरेखाली पक्षाघात झाला. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेले आणि मोटार चालवणारे बाबूकाका दिवाण त्यांना भेटले आणि त्यांचा जगण्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन पालटला. केंद्रीय उत्पादन शुल्क खात्यात नोकरी करत असतानाच त्यांनी १९८४ साली सहकाऱ्यांसह 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन आमच्या पहिल्या बैठकीत हातोहात फिरले. खुद्द सांगलीत १९९६ साली वेश्या व्यवसायातल्या स्त्रियांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही स्वतःची संघटना बांधली होती. समाजाने ज्यांना बोलूच दिले नाही, त्या बायका आपले प्रश्न आपण मांडतात, मग आपण का नाही, असा प्रश्न पलूसच्या गृहस्थांनी विचारला. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

संस्थेची नोंदणी करायची तर निदान सात सभासद लागतात. २०११ साली कागद तयार झाले तेव्हा सहा जण जमले होते. सातवी म्हणून मी पेन उचलले. फलटणची मुलगी म्हणाली, "काकू, तुमचा मुलगा अठरा वर्षांच्या वर आहे ना? मग तो सही करेल की." मी म्हटले, "त्याचा हात हलतो गं, कागद खराब होईल." ती म्हणाली, "होऊ दे. दुसरा आणू."

दोन कागद खराब झाले. तिसऱ्यावर सही झाली. तीन अक्षरे, अर्ध्या पानावर पसरलेली. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल झालेल्या आमच्या कागदांत सातवी सही त्याची आहे.

मग घटना लिहायला बसलो. 'आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही नाही' ही अपंगांच्या चळवळीची जगभरची घोषणा आहे. ती भिंतीवर लिहिणे सोपे, नियमात उतरवणे अवघड. आम्ही ठरवले, की कार्यकारिणीत दोन तृतीयांश जागा अपंगांच्या आणि बाकीच्या सांभाळणाऱ्यांच्या. अध्यक्ष आणि खजिनदार अपंगच. प्रश्न ज्याला विचारला त्यानेच उत्तर द्यायचे. वेळ लागला तर सभा थांबेल. मागचे इतिवृत्त मोठ्याने वाचायचे, म्हणजे अंध सभासदाला ते दुसऱ्याकडून ऐकावे लागणार नाही. कर्णबधिर सभासद येणार असतील, तर खुणांची भाषा जाणणारा माणूस आधी ठरवायचा आणि मगच तारीख काढायची. सभेची जागा पायरी नसलेली आणि संडास वापरता येईल अशी हवी. या शेवटच्या नियमापायी पहिल्या वर्षी आम्हाला चार जागा बदलाव्या लागल्या.

या घटनेवर सांभाळणारे नाराज झाले. एक वडील उठून म्हणाले, "राबायचं आम्ही, आणि मत मोठं त्यांचं?" प्रश्न खोटा नव्हता. रात्री दोनदा उठून कूस बदलणारी, नोकरी सोडणारी, लग्नकार्याला न जाणारी ही माणसे कुणाच्या मोजणीत येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यांना सांभाळणारे किती, हे त्या जनगणनेत विचारलेले नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र सांभाळणाऱ्याची व्याख्या आली. पैसे घेणारा आणि न घेणारा, दोघेही त्यात धरले आहेत. ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे.

म्हणून आम्ही सांभाळणाऱ्यांचा वेगळा गट केला. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या दीर्घ मानसिक आजाराच्या अनुभवातून 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' सुरू केली. तिथे रुग्णांच्या बरोबरीने नातेवाइकांनाही मन मोकळे करायला जागा मिळाली. आमच्या गटात बायका पहिले तीन महिने नुसत्या रडल्या. नंतर कवठे महांकाळच्या बाईंनी तोडगा काढला. "शेतात आपण पैरा करतो ना? आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. तसं माणसाचं का नको?" त्यातून आमचा पैरा सुरू झाला. मंगळवारी मी शेजारगावच्या मुलीपाशी बसते, शुक्रवारी तिची आई माझ्या घरी. या पैऱ्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदाच मी माहेरी सलग चार रात्री राहिले.

आता अवघड भागाकडे येते.

२०१७ साली एका सज्जन गृहस्थांनी संघटनेला दोन एकर जमीन आणि इमारतीचा खर्च देऊ केला. पन्नास जणांचे निवासी केंद्र काढायचे, कारभार त्यांनी नेमलेल्या विश्वस्तांकडे राहील, एवढी अट. आम्हा आयांच्या डोळ्यांत पाणी आले. अपंग मुलाच्या आईला एकच प्रश्न आयुष्यभर छळतो, 'माझ्यानंतर ह्याचं काय?' त्याचे उत्तर आयते दारात आले होते.

सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला. पलूसचे गृहस्थ विरोधात बोलले. "जेवण मिळेल, पलंग मिळेल. पण कधी उठायचं, काय खायचं, शेजारी कोण झोपणार, हे कोण ठरवणार?" एका बापाने उत्तर दिले, "कोल्हापुरातही वसतिगृह आहेच की." फलटणची मुलगी म्हणाली, "आहे. पण ते उभं करणारी बाई स्वतः चाकाच्या खुर्चीवर होती. इथं आपल्यातला एकही विश्वस्त नाही."

तिने मग पॉल हंट या इंग्रज माणसाची हकीकत सांगितली. तो अपंगांच्या निवासी संस्थेत अनेक वर्षे राहिला होता. १९७२ साली त्याने 'गार्डियन' वृत्तपत्राला पत्र लिहून, अशा संस्थांत बंद आयुष्य काढणाऱ्यांनी एकत्र यावे, असे आवाहन केले. त्यातून तिथली अपंगांची स्वतःची चळवळ उभी राहिली. त्याच वर्षी अमेरिकेत बर्कली इथे, श्वासासाठी यंत्रावर अवलंबून असलेल्या एड रॉबर्ट्स यांनी आणि त्यांच्या मित्रांनी स्वतंत्र जगण्याला मदत करणारे केंद्र काढले. कुठे आणि कुणाबरोबर राहायचे ते ठरवण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात आहे. भारताने तो करार २००७ साली मान्य केला. आपल्या २०१६ च्या कायद्याचे पाचवे कलमही समाजात राहण्याच्या हक्काचेच आहे.

हे सगळे मी ऐकत होते, पण पटत नव्हते. मनात येत होते, कायदा रात्री उठून पाणी पाजतो का?

मतदान हात वर करून झाले. ठरावाच्या विरोधात कोण, असे अध्यक्षांनी विचारले. माझ्या मुलाचा हात उठायला वेळ लागतो. सभा नियमाप्रमाणे थांबली. तो हात हळूहळू, थरथरत, माझ्या ठरावाच्या विरोधात वर गेला. ठराव चार मतांनी पडला.

मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. जेवण भरवत होते, अंघोळ घालत होते, पण बोलत नव्हते. चौथ्या दिवशी त्याने अक्षरांची पाटी मागितली. एकेका अक्षरावर बोट ठेवत त्याने वाक्य पुरे केले. "तुझ्यानंतरही मला याच गल्लीत राहायचंय. दूधवाला मला नावाने ओळखतो."

मग आम्ही या गल्लीतच काय करता येईल ते पाहू लागलो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. ग्रामसभेत आमचे सभासद स्वतः गेले आणि त्याचा हिशेब मागितला. काही गावांत त्यातून उतार झाले, शौचालये दुरुस्त झाली. गावातला एक तरुण पगार घेऊन रोज काही तास मुलाच्या मदतीला येतो. त्याला नेमताना प्रश्न मुलाने विचारले. २०१९ च्या महापुरात आमचे एक सभासद दोन दिवस माडीवर अडकले होते, कारण घरात उचलावे लागणारे माणूस आहे हे बाहेर कुणाला माहीतच नव्हते. त्यानंतर आम्ही कृष्णाकाठच्या सभासदांची घरनिहाय यादी केली. २०२१ च्या पुरात ती तहसील कचेरीत आधीच पोचली होती आणि बोट पहिल्या दिवशी आली.

सगळे सुटले असे मी म्हणणार नाही. आमच्यातल्या दोन कुटुंबांनी पुढे मुलांना निवासी संस्थेत ठेवले. त्यांचा नाइलाज होता आणि त्यांना कोणी बोल लावला नाही. ते आजही सभेला येतात. काही सांभाळणारे संघटना सोडून गेले. आणि रात्री जाग आली, की 'माझ्यानंतर काय' हा प्रश्न मला अजून भेटतो. फरक इतकाच, की पूर्वी तो मी एकटी सोडवू पाहत होते, आता ज्याचा आहे त्याच्याशी बोलून सोडवते.

तुमच्या गावात असे काही सुरू करायचे असेल, तर इमारतीपासून सुरुवात करू नका. सात माणसे शोधा, पायरी नसलेली जागा शोधा, वर्गणी दहा रुपये का होईना पण प्रत्येकाकडून घ्या, आणि पावती ज्याची त्याच्या हातात द्या.

हे भाषण मी लिहिले आणि मुलाला वाचून दाखवले. त्याने दोन परिच्छेद काढायला लावले. ते माझ्या कष्टांबद्दल होते. मी एक काढला आणि एक ठेवला. सांभाळणाऱ्यांनाही सभेत एक तृतीयांश जागा आहे, हे मी त्याला आठवून दिले.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)