वहीतले आकडे आणि त्यांचे चित्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला आज बोलायला उभे केले आहे ते लोणच्या-पापडांवर नव्हे, तर कॉम्प्युटरवर, याचे पुष्कळजणींना हसू येत असेल. मी सातवी शिकलेली. पण मंडळाची वही माझ्याकडे असते आणि हे सारे पुराण त्या वहीचेच आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करते.

श्रावणात आपण हिमोग्लोबिन तपासणीचे शिबिर घेतले. वहीत अनुक्रमांक, नाव, वय, गल्ली आणि रक्ताचा आकडा असे रकाने होते. सगळ्यांची सरासरी काढली तेव्हा ती बाराच्या थोडी वर भरली. गरोदर नसलेल्या बाईचा आकडा बाराच्या खाली असला म्हणजे तिला रक्त कमी आहे असे धरतात. गरोदर बाईसाठी ही रेघ अकरावर असते. तेव्हा आपण पास झालो, असे सभेत सर्वांना वाटले, आणि शिल्लक पैशांतून सतरंज्या घ्याव्यात असे जवळजवळ ठरले.

दिवाळीला माझी भाची आली. ती अमरावतीला संख्याशास्त्र शिकते. वही चाळून म्हणाली, "मावशी, सरासरीने काय कळणार? मला अर्धा दिवस दे." मी म्हटले, चकल्या तळून होईपर्यंत घे.

तिच्याजवळ 'आर' नावाची संगणकाची भाषा आहे. भाषेचे नाव एवढे एका अक्षराचे का, म्हणून मी विचारले. न्यूझीलंड देशात ऑकलंडच्या विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघा शिक्षकांनी 1990 नंतरच्या काही वर्षांत ती तयार केली. दोघांच्याही नावाचे पहिले अक्षर आर. शिवाय तिच्याआधी अमेरिकेत 'एस' नावाची भाषा होती, तिच्या शेजारचे हे अक्षर. तिची पहिली पक्की आवृत्ती 29 फेब्रुवारी 2000 रोजी निघाली, म्हणजे बिचारीचा वाढदिवस चार वर्षांनी येतो! मला सर्वांत आवडले ते हे की, ती फुकट आहे. कुणीही घ्यावी, वापरावी, दुसऱ्याला द्यावी.

या भाषेच्या पोटात शिकणाऱ्यांसाठी काही तक्ते आधीच भरून ठेवलेले असतात. त्यांतल्या एकाचे नावच 'विमेन', म्हणजे बायका! पंधरा ओळी, दोन रकाने: अमेरिकेतल्या तीस ते एकोणचाळीस वर्षांच्या बायकांची उंची आणि त्या उंचीला सरासरी वजन. 58 इंचांना 115 पौंड, तिथून चढत चढत 72 इंचांना 164 पौंड. भाचीने 'प्लॉट' असा शब्द लिहून कंसात 'विमेन' लिहिले, की पंधरा ठिपके पडद्यावर उमटले, जिन्याच्या पायऱ्यांसारखे वर जाणारे. आकडे वाचायला मला पाच मिनिटे लागली होती. ठिपके पाहून एका नजरेत कळले.

मग आपली वही. आधी तिने नावे काढून टाकली, नुसते क्रमांक ठेवले. कुणाच्या रक्ताचा आकडा कुणाच्या ओसरीवर चर्चेला यायला नको, हे मला फार पटले. मग मारुती गल्ली. कुठे मारुती, कुठे मारूती असे लिहिलेले. आपण वाचताना दोन्ही एकच समजतो, पण यंत्राने त्या दोन गल्ल्या केल्या! त्या एक कराव्या लागल्या. मग रिकाम्या जागा. काहीजणींनी नाव लिहिले आणि सुई पाहून पळ काढला, त्यांचा रकाना कोरा. तिथे शून्य भरले तर सरासरी उगाच खाली येते. ही भाषा कोऱ्या जागी 'एन ए' लिहिते, म्हणजे माहीत नाही. आणि गंमत अशी की तसे असताना सरासरी विचारली तर तीही 'एन ए' सांगते. कोऱ्या जागा वगळून काढ, असे स्पष्ट लिहून दिल्यावाचून उत्तर देत नाही. असा चोखपणा हिशेब ठेवणाऱ्या पुष्कळ माणसांतही नसतो.

शेवटी तिने वयाप्रमाणे तीन गट पाडले आणि पेट्यांचे चित्र काढले. त्याला बॉक्सप्लॉट म्हणतात. गटातल्या सगळ्या बायका आकड्याप्रमाणे ओळीत उभ्या केल्या, तर अगदी मधल्या बाईचा आकडा म्हणजे पेटीतली जाड रेघ. आणि मधल्या निम्म्या बायका पेटीच्या आत. बारावर तिने एक आडवी तांबडी रेघ ओढली. पंचेचाळिशीच्या पुढच्यांची पेटी रेघेच्या वर होती. मधल्या वयाची रेघेवर. आणि तिशीच्या आतल्या आपल्या सुना-मुलींची पेटी जवळजवळ सगळी रेघेखाली.

सरासरी खोटी नव्हती. शिबिराला वयस्क बायका पुष्कळ आल्या होत्या, त्यांची पाळी थांबलेली, म्हणून रक्त बरे. सुना थोड्या आल्या, त्याही स्वयंपाक उरकून. थोरल्यांच्या बेरजेत धाकट्या झाकल्या गेल्या. आमच्या शेजारच्या आजी चित्र पाहून म्हणाल्या, "काय व माय, पोरी तं अशा गुलाबी दिसतात!" दिसण्यावर जाऊ नये. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांतल्या चोपन्न बायकांना रक्त कमी निघाले होते. आपण काही निराळ्या मातीच्या नाही.

आकडे मांडणे हे परदेशातलेच खूळ आहे असेही कुणी समजू नये. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी शेतीच्या संख्याशास्त्रावर लिहिलेले पुस्तक 1954 साली निघाले. ठरलेल्या शेतात चौकोन आखून पीक कापून तोलतात, ते पीककापणी प्रयोग आपल्या पऱ्हाटीच्या जिल्ह्याला परके नाहीत. त्यांची शास्त्रशुद्ध पद्धत बसवण्यात या दोघांचा हात आहे.

चित्राने कारण सांगितले नाही, दार मात्र दाखवले. मी चार-पाच घरी जाऊन बसले. कुठे सून सगळ्यांच्या मागून जेवते, तोवर भाजी संपलेली. कुठे जेवणावरच चहा. चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही, लिंबू-आवळ्याने लागते. लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात मिळते, पण पोटात मळमळते म्हणून ती फडताळात पडलेली. आणि गोळ्या घेऊनही ज्यांचे रक्त वाढत नाही त्यांनी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. तो आजार आपल्या विदर्भात आहे, हे डॉक्टरीणबाई अधिक सांगतील.

सतरंज्यांचे पैसे पुन्हा शिबिराला द्यावेत, असे मी कार्यकारिणीत मांडले आहे. अजून निकाल व्हायचा आहे. दोघीतिघी नाराज आहेत, आणि सतरंज्या फाटल्या आहेत हेही खरेच. पण शिबिर झाले तर ते दुपारी दोन वाजता ठेवावे, म्हणजे सुनांना येता येईल. नव्या वहीत मी 'जेवण केव्हा' आणि 'गोळी घेता का' असे दोन रकाने आखून ठेवले आहेत. मारुती ऱ्हस्व लिहायचा. आणि या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही, तेव्हा जेवूनच या.