दाहाला आवर घालणारी त्वचा



या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी आज बोलणार आहे ते लवकर न भरणाऱ्या जखमांबद्दल, आणि दाहाला आवर घालणाऱ्या आपल्या शरीरातल्याच एका यंत्रणेबद्दल.

या यंत्रणेचा माग लागला तो गांजामुळे. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, शुद्ध रूपात वेगळं केलं. ते शरीरात कुठे काम करतं, हे कळायला मात्र पंचवीसएक वर्षं गेली. १९९० मध्ये टीएचसी ज्याला चिकटतं त्या सीबी-१ रिसेप्टरचं जनुक हाती आलं, १९९३ मध्ये सीबी-२चं. मधल्या काळात, १९९२ मध्ये, मेशुलम यांच्याच गटाला डुकराच्या मेंदूत टीएचसीसारखं काम करणारं, पण शरीर स्वतःच बनवतं असं द्रव्य सापडलं: आनंदामाइड.

हे सगळं मेंदूचं प्रकरण आहे, अशीच बराच काळ समजूत होती. मग बॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन्ही रिसेप्टर नसलेले उंदीर पाळले. ओळख पटावी म्हणून त्यांच्या कानांना निकेलचे बिल्ले लावलेले होते. त्या बिल्ल्यांभोवती काही उंदरांच्या कानांची कातडी चिघळली. शोध घेतला तेव्हा दिसलं, की या उंदरांना स्पर्शजन्य ॲलर्जीचा दाह फार तीव्र होतो. उलट ज्यांच्या शरीरात आनंदामाइड मोडणारं एन्झाइम नाही, त्यांना तो सौम्य होतो. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. कानाच्या बिल्ल्याकडे कुणीतरी नीट पाहिलं, याचं मला फार मोल वाटतं.

आता जखमेकडे येऊ. आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी पोचतात, दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज. हा दाह हवाच. जंतू आणि मेलेल्या पेशी त्याशिवाय साफ होत नाहीत. पण तो वेळेवर ओसरायलाही हवा. मधुमेही माणसाच्या तळपायाच्या जखमेत नेमकं तेच अडतं. मॅक्रोफेज दाह वाढवणाऱ्या रूपातच राहतात, दुरुस्तीकडे वळत नाहीत. कडा निबर होतात, तळाशी पिवळट थर साचतो, आणि रुग्ण म्हणतो, ‘‘डॉक्टर, दुखत तर काहीच नाही.’’ ते न दुखणंच घातक असतं.

या मॅक्रोफेजवर सीबी-२ आहे, म्हणून आशा वाटते. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याला चेतवून जखमेतला दाह कमी झालेला दिसलाही आहे. पण ही वाट सोपी नाही: शरीर आनंदामाइड साठवून ठेवत नाही. गरज पडेल तिथे पेशीच्या आवरणातल्या मेदापासून ते बनतं आणि लगेच मोडलं जातं. शिवाय दोन्ही रिसेप्टर एका दिशेने ओढत नाहीत: प्रयोगात कातडी निबर करायला घेतली, तेव्हा सीबी-१ नसलेल्या उंदरांत ती कमी निबर झाली, सीबी-२ नसलेल्यांत जास्त. कातडी निबर करणाऱ्या सिस्टेमिक स्क्लेरोसिस या आजारासाठी सीबी-२वर काम करणारं लेनाबासम हे औषध मोठी उमेद घेऊन आलं होतं. २०२० मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ते मुख्य कसोटीवर उतरलं नाही.

म्हणून उघड्या जखमेवर सीबीडी या गांजातल्याच दुसऱ्या द्रव्याचं तेल लावायचा सल्ला देणाऱ्यांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. माणसांच्या जखमांवरचा पुरावा अजून फार तोकडा आहे. त्या भरवशावर रुग्ण जखम साफ करून घेणं, पायावरचा भार कमी करणं, साखर आटोक्यात ठेवणं लांबणीवर टाकत असेल, तर त्याची किंमत तो बोटाने किंवा पायाने मोजतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे: प्रबंधासाठी विषय शोधत असाल, तर भरणाऱ्या आणि न भरणाऱ्या जखमांतल्या ऊतींमध्ये हे रिसेप्टर तपासा. आपल्या वॉर्डात असे रुग्ण रोज येतात. आणि इथे बसलेल्या प्रत्येक डॉक्टरला विनंती: मधुमेही रुग्ण कोणत्याही तक्रारीसाठी आला, तरी त्याला चप्पल-मोजे काढायला सांगा आणि दोन्ही तळवे स्वतः पाहा.