अक्षरं आधी सांधा, मग कापा



पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळला इकडं भोरचा रस्ता फुटतो, तिकडं नारायणपूर-सासवडचा. त्यामुळं फाट्यावर पाट्यांना तोटा नाही. दुकान कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. नंबरप्लेटचं काम मात्र गेलं. 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी आली, आता जुन्यांनाही तीच. म्हणजे रेडियम कापणाऱ्या पोरांची भाकरी यापुढं मराठी अक्षरांवर आहे. म्हणूनच जीव तोडून सांगतोय.

मशीन कसं जोडायचं, कोरलमध्ये नाव कसं टाकायचं, हे तुम्हाला येतं. कन्व्हर्ट टू कर्व्हसुद्धा सगळे करतात. त्यानंतरचं वेल्ड, म्हणजे एकमेकांवर चढलेले तुकडे सांधणं, कोण करतं? बरेच जण थेट कापायला पाठवतात.

घरी तिखटमिठाच्या पुऱ्यांना मोठी पोळी लाटतात आणि वाटीनं पुऱ्या पाडतात. एका पुरीवर दुसऱ्यांदा वाटी चढली तर मधे डोळ्याच्या आकाराचा तुकडा सुटतो आणि दोन्ही पुऱ्या तुटक्या निघतात. आपल्या शिरोरेषेचं नेमकं हेच होतं. ‘स्वामी’ टाइप केलं की अर्धा स, व, काना, म, वेलांटी हे सगळे वेगळे तुकडे असतात, कडांना एकमेकांवर चढलेले. पडद्यावर रंग भरलेला असतो, म्हणून अक्षर अखंड दिसतं. मशीनला रंग दिसत नाही. त्याला कडा दिसतात, आणि प्रत्येक कड ते इमानानं कापतं. मग सोलताना काना हातात येतो.

इंग्रजीची साधी अक्षरं सुटी उभी राहतात. त्यांच्यावर शिकवणाऱ्या व्हिडिओत वेल्डवर फारसा भर नसतो, आणि आपली पोरं तेवढंच बघून शिकतात. याचा मला राग येतो.

तेव्हा वायरफ्रेम, म्हणजे रंगाशिवाय नुसत्या कडा, लावून बघा. अक्षराच्या अंगातून रेघ जाताना दिसली की शब्द निवडा, वेल्ड करा. इंकस्केप फुकट मिळतं, त्यात याला युनियन म्हणतात. पण त्याआधी ब्रेक अपार्ट करू नका, नाहीतर व, ब यांची पोटं बुजतील. वेल्ड झालेला शब्द शिरोरेषेला धरून अखंड उचलला जातो आणि चिकटवताना वाकडा होत नाही.

वाटीचा दाब पोळीपुरता असतो, पोळपाटाला चरा पडत नाही. पातीचंही तसंच. वरचं रेडियम कापावं, खालचा कागद शाबूत राहावा. कोपऱ्यात एक लहान चौकोन कापून, सोलून बघा, मगच पूर्ण काम लावा. चमकणारं रेडियम जाड असतं, त्याला 60 अंशाची पाती बरी. साध्याला 45 पुरते. आता सोलणं. पुऱ्या पाडल्यावर उरलेलं पीठ उचलताना एखादी चिमुकली पुरी त्याला चिकटून जाते ना? अनुस्वार तसाच जातो. तो कशालाच जोडलेला नसतो, वेल्डही त्याला धरत नाही. टेंपोवर ‘पाडुरग प्रसन्न’ लिहिलेलं मला चालणार नाही, तुम्हालाही चालू नये. सोलताना टिंबावर नख ठेवा.

आणि हे कापूरहोळ म्हणजे धाराऊचं गाव. संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या माउलीच्या गावात तिच्या नावाची पाटी ‘धाराऊ’मधला ऊ फुटून लागली तर...

स्टुडिओतल्या ताई समोरून खूण करतायत, मिनिटभर उरलंय. तरी पुन्हा सांगतो, कारण कुणी आत्ताच रेडिओ लावला असेल: कर्व्ह केलं म्हणजे झालं नाही. वेल्ड करा, वायरफ्रेममध्ये बघा, मग कापा.

काचेवर लावायचं राहिलंच. साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा, अक्षरं उचलायच्या टेपसकट शब्द ठेवा, पट्टीनं मधून बाहेर पाणी काढत या. टेप लगेच ओढू नका, पाणी सुकू द्या. उन्हाळ्यात ते लवकर होतं, पावसाळ्यात भोरकडच्या ओल्या हवेत मात्र... वेळ झाली, ते पुढच्या खेपेला.